बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन वेगळ्या स्विचवर: कामाचा क्रम आणि नेमक्या चुका

रात्री दोन वाजता कुणी बाथरूमला गेलं की दिव्यासोबत एक्झॉस्ट फॅनही घरघरायला लागतो आणि पलीकडच्या खोलीतलं तान्हं जागं होतं. पावसाळ्यात उलटी अडचण. अंघोळीनंतर वाफ जायला फॅन अर्धा तास चालायला हवा, पण मग दिवाही तेवढा वेळ जळत राहतो. मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये दोन्ही एकाच स्विचवर असतात, कारण बिल्डरने मुळात फक्त दिव्याची तार टाकलेली असते आणि फॅन नंतर कुणीतरी दिव्यावरूनच जोडून घेतलेला असतो.

काम ऐकायला सोपं वाटतं: एक स्विच वाढवायचा. म्हणून माणसं आधी दुकानातून स्विच आणतात आणि मग बोर्ड उघडतात. तिथेच क्रम चुकतो. स्विच बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. बोर्डातून बाथरूमकडे जाणाऱ्या तारा किती आणि त्या नेमक्या कुठे एकत्र येतात, यावर काम अर्ध्या तासाचं की अख्ख्या दिवसाचं ते ठरतं. ते कळेपर्यंत काही विकत घेऊ नका.

## हात घालण्याआधी

हे काम कुणी करायचं? जुना स्विच, दिवा किंवा पंखा काढून तसाच नवा लावणं घरातल्या माणसाला चालतं. पण वायरिंगमध्ये भर घालणं, नवी तार ओढणं, नवा पॉइंट देणं हे नियमाप्रमाणे लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्यायचं काम आहे. त्यामुळे पुढचं सगळं दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांच्या हाताला या कामाची सवय आहे त्यांच्यासाठी, आणि वायरमन काम करत असताना शेजारी उभं राहून त्याला योग्य जागी योग्य प्रश्न विचारू इच्छिणाऱ्यांसाठी. दुसऱ्या गटातल्यांनी लेख सोडू नये. भिंतीत जी चूक गाडली जाते ती वायरमन निघून गेल्यावर तुमच्या वाट्याला येते.

बोर्ड बाथरूमच्या आत असेल तर तिथे आणखी एक स्विच वाढवू नका. आधी बोर्डच दाराबाहेर आणा.

आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर थांबा. दिव्याबरोबर फॅन आपोआप सुरू होतो तोवर निदान तो चालू राहतो. स्विच वेगळा झाला की कुणीतरी कधीतरी फॅन न लावताच अंघोळीला बसणार. तसा गॅस गीझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूवर एक्झॉस्ट फॅन हा उपाय नाहीच. गॅस गीझर आधी मोकळ्या हवेच्या जागी हलवा, मग स्विचचं बघू.

## टप्पा १: वीज बंद करा, आणि ती बंद आहे हे सिद्ध करा

१. आदल्या दिवशीच मुख्य डीबीतले, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतले, एमसीबी (प्रत्येक सर्किटचे आपोआप पडणारे स्विच) एकेक करून पाडा आणि कुठला कशाचा ते लिहून काढा. डीबीच्या दारावरच्या जुन्या चिठ्ठीवर विसंबू नका. मागच्या नूतनीकरणात निम्म्या तारा इकडच्या तिकडे झालेल्या असतात.

२. बाथरूमबाहेरच्या बोर्डात बहुधा दोन सर्किट येतात. दिव्याचं सर्किट ६ किंवा १० अँपिअरच्या एमसीबीवर असतं आणि गीझरचं वेगळ्या, मोठ्या एमसीबीवर. दिव्याचा एमसीबी पाडला म्हणजे बोर्ड मेला असं समजणारा माणूस पक्कड आत घालतो तेव्हा बोटापासून दोन इंचांवर गीझरचा फेज, म्हणजे वीज आणणारी तार, जिवंत असतो. म्हणून मेन पाडा.

३. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडल्यावरही दिव्यांचं सर्किट इन्व्हर्टरवर चालू राहतं, आणि बाथरूमचा दिवा नेमका त्याच सर्किटवर असतो.

४. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का बघा. मग मेन पाडून बोर्डातली प्रत्येक तार तपासा. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल (न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार) आणि फेज-अर्थ (अर्थ म्हणजे जमिनीकडे जाणारी सुरक्षेची तार) दोन्हीमध्ये मोजा. नुसता निऑन टेस्टर पेटला नाही, एवढ्यावर हात घालू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर जिवंत तारेवरही तो कधीकधी पेटत नाही.

सावध: पाडलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या प्रत्येकाला तोंडी सांगा. एका घरी मी स्टुलावर चढलेलो असताना मावशी बाहेरून आल्या, "लाइट गेली वाटतं" म्हणाल्या आणि सरळ डीबीकडे वळल्या. पट्टी होती म्हणून त्या थबकल्या.

## टप्पा २: बोर्ड उघडा, तारा ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई करायची तर पुढे करता येईल.

प्लेट काढा, स्विचचे स्क्रू सोडून साचा हलकेच पुढे ओढा. कुठलीही तार सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन बाजूंनी. प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून नंबर द्या.

आता दिवा-फॅनच्या त्या एका स्विचकडे बघा. त्याला दोन टोकं असतात. एकावर फेज येतो, आणि तिथूनच बऱ्याचदा एक छोटी लूप, म्हणजे जोडतार, शेजारच्या स्विचला गेलेली असते. म्हणजे त्या स्क्रूखाली दोन तारा दिसल्या तरी त्यांचा बाथरूमशी थेट संबंध नाही. दुसऱ्या टोकावरून जी तार दिव्याकडे जाते तिला वायरमन हाफ वायर म्हणतात. आपल्याला मोजायच्या आहेत त्या हाफ वायर.

दुसऱ्या टोकावर दोन तारा एकत्र पिळून घातलेल्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. दिव्याची आणि फॅनची तार बोर्डापर्यंत वेगवेगळी आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. पण शक्यताच. खात्री अशी करा: दोन्ही सोडवा, एक स्विचला ठेवा, दुसरीचं टोक कनेक्टरमध्ये घालून स्क्रू कसा. प्लेट जागेवर टेकवा, सगळ्यांना बाजूला करा, मेन चढवा आणि स्विच दाबा.

फक्त दिवा लागला किंवा फक्त फॅन फिरला, तर भिंतीला हात लावायची गरज नाही. थेट टप्पा ३, मग टप्पा ६.

दोन्ही चालू झाले, तर दुसरी तार भलतीकडेच जाते, पॅसेजच्या दिव्याला वगैरे. ती शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि ही चाचणी झाल्यावर मेन पुन्हा पाडून टप्पा १ मधली तपासणी पुन्हा करा. दुसऱ्या वेळी ती टाळायचा मोह होतो, आणि झटके दुसऱ्या वेळीच बसतात.

दुसऱ्या टोकावर एकच तार असेल, आणि मुंबईत बहुतेक घरांत हेच निघतं, तर दिवा आणि फॅन पुढे कुठेतरी एकत्र जोडलेत. कुठे? दिव्याच्या होल्डरमागे, बाथरूमवरच्या माळ्यावर, नाहीतर फॉल्स सीलिंगच्या आत. माळ्यावरच्या बॅगा, गणपतीचं मखर, जुने पंखे खाली काढावे लागतील. ते आदल्या दिवशीच करून ठेवा. वायरमन आल्यावर त्याला माळा रिकामा करायला लावलात तर तो वैतागून मधलाच काहीतरी मार्ग काढेल.

तो जोड सापडला की तिथे तीन गोष्टी बघा:

१. बोर्डातून आलेली हाफ आधी दिव्याला जाते आणि तिथून लूप होऊन फॅनला, की उलट?

२. न्यूट्रलही तसाच लूप झालाय का? झाला असेल तर तो तसाच राहू द्या. दिवा आणि फॅन एकाच सर्किटवर राहणार आहेत, त्यामुळे दोघांना एक न्यूट्रल पुरतो. वेगळी करायची ती फक्त हाफ.

३. अर्थ पोचलाय का? जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटला हिरवी तार दिलेलीच नसते. फॅनची बॉडी धातूची असेल तर ती हवीच, आणि नसेल तर आत्ताच सोबत ओढायची.

तपासा: दिव्याचा स्विच बंद ठेवून होल्डरमध्ये फेज येतोय का? येत असेल तर जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय. दिवा विझलेला दिसतो पण होल्डर जिवंत असतो. हे आधी सरळ करा. चुकीच्या स्विचशेजारी दुसरा स्विच लावलात तर फॅनही तसाच जिवंत राहील, आणि तो पुसायला चढणाऱ्याला ते कळणार नाही.

## टप्पा ३: आता दुकानात जा

बोर्डात रिकामा मॉड्यूल (एका स्विचची जागा) आहे का बघा. तीन मॉड्यूलच्या प्लेटमध्ये एखादी ब्लँक असली तर ती काढून स्विच बसतो. प्लेट भरलेली असेल तर मोठा बॉक्स बसवायला भिंत फोडावी लागेल. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी ड्रिल आणि ठोकाठोकीला बंदी असते, ती वेळ विचारून घ्या. चाळीतल्या किंवा जुन्या इमारतीतल्या लाकडी बोर्डावर हायलमची शीट (टणक लॅमिनेटची पाटी) असेल तर शीटला खाच पाडून त्याच जातीचा स्विच लावता येतो. पण शीट काळवंडलेली किंवा तडकलेली असेल तर ती बदलाच.

सामान थोडं आहे. आहे त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला ६ अँपिअरचा एकतर्फी (वन-वे) स्विच, कारण दुसऱ्या मालिकेचा खाचेत बसत नाही. आयएसआय खुणेची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मोजलेल्या लांबीपेक्षा दोन मीटर जास्त. अर्थ नसेल तर तेवढीच हिरवी. शिवाय स्क्रूचे कनेक्टर आणि झाकणाचा एक छोटा जंक्शन बॉक्स. लोहार चाळीपर्यंत, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या घाऊक बाजारापर्यंत, जायची गरज नाही. नाक्यावरचा दुकानदार मीटरवर तार देतो, फक्त तारेवरची छपाई वाचून घ्या.

भार वाढत नाहीये. सहा-आठ इंची घरगुती एक्झॉस्ट फॅन साधारण ३०-४० वॉटचा असतो. २३० व्होल्टला तो अँपिअरचा पाचवा हिस्साही जेमतेम घेतो. त्यामुळे "एमसीबी मोठा टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एमसीबी तारेच्या जाडीवर ठरतो.

रंग कुठला? फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा ही आपल्याकडच्या घरांतली ओळख. दुसऱ्या हाफसाठी पिवळी किंवा निळी घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला फॅनची तार लगेच ओळखू येईल. काळी आणि हिरवी मात्र अजिबात नको.

## टप्पा ४: तार ओढणं

सगळ्यात घातक चूक इथे होते. पाइप जाम असतो, नवी तार जात नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं, "हिरवी रिकामीच आहे की, तीच वापरू."

बोरिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये हेच झालं होतं. हिरव्या तारेवर फॅनची हाफ घेतली होती आणि काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. पुढे फॅन बदलायला दुसरा माणूस आला. त्याने हिरवी तार पाहिली आणि सवयीने ती नव्या फॅनच्या धातूच्या बॉडीला लावली. स्विच दाबला की फॅनची बॉडी जिवंत. फॅन फिरत नव्हता म्हणून घरमालक त्याला हाताने फिरवून बघायला चढले आणि स्टुलावरून फेकले गेले. मनगटावर निभावलं. त्या माणसाने चूक केली असं मी म्हणणार नाही. हिरवी म्हणजे अर्थ, हे त्याने बरोबरच धरलं होतं.

तर तार अशी ओढा:

१. फॅनपर्यंत सबंध तार ओढायची गरज पडतेच असं नाही. जोड दिव्याच्या मागे असेल तर नवी हाफ बोर्डापासून त्या जोडापर्यंतच न्या आणि तिथून फॅनकडे गेलेल्या जुन्या लूपला कनेक्टरने जोडा. अर्धी मेहनत वाचते. अट एकच: तो जोड झाकणाच्या बॉक्समध्ये असावा आणि पुन्हा उघडता यावा.

२. स्प्रिंग, म्हणजे पाइपमधून तार ओढायची लवचीक पट्टी, बोर्डाच्या बाजूने सारा. तारेचं टोक सोलून स्प्रिंगच्या डोळ्यात अडकवा, वर टेप निमुळती गुंडाळा, जाड गाठ ठेवू नका. तारेला टाल्कम पावडर चोळा. तेल किंवा साबणाचं पाणी नको.

३. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, दोघांनी बोलत राहायचं. अडकलं तर जोर न लावता थोडं मागे घ्या आणि पुन्हा सारा.

४. जातच नसेल तर जुनी हाफच दोरीसारखी वापरा. तिच्या शेपटीला दोन नव्या तारा बांधून एका ओढीत आत घ्या. पण जुन्या तारेचं आवरण कडक होऊन तडकत असेल तर त्या पाइपमधल्या सगळ्या तारा बदलायच्या तयारीनेच हात घाला.

५. तेही जमलं नाही तर भिंतीवरून केसिंग पट्टी (तार झाकणारी प्लास्टिकची पट्टी) मारा. दिसायला बरी नाही, हे खरं. पण हिरवी तार पळवण्यापेक्षा पट्टी शंभरपट बरी.

सावध: पाइपच्या आत जोड नको, एकही नको. तार आखूड पडली तर पूर्ण नवी ओढा.

सावध: स्प्रिंग ओली बाहेर आली तर काम थांबवा. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची गळती पाइपमधून उतरते. ओल कुठून येते ते आधी शोधा. जमलं तर हे काम मे महिन्यातच उरकून टाका.

## टप्पा ५: बाथरूमकडची जोडणी

१. जुनी लूप तोडा. दिव्याकडे आणि फॅनकडे आता स्वतंत्र हाफ जाते. लूपचा एखादा तुकडा निकामी झाला असेल तर काढून टाका, निघत नसेल तर त्याची दोन्ही टोकं कनेक्टरमध्ये बंद करा. बाहेर लोंबतं टोक ठेवू नका.

२. तार आठ-दहा मिलिमीटरच सोला. सगळे धागे घट्ट पिळा आणि दुमडून स्क्रूखाली घाला. एखादा धागा बाहेर राहिला तरी तो शेजारच्या टोकाला टेकतो. स्क्रू कसल्यावर प्रत्येक तार ओढून बघा.

३. नुसती पिळून वर टेप, हा प्रकार बाथरूममध्ये टिकत नाही. वाफेने टेपचा डिंक सुटतो आणि सहा महिन्यांत ती उलगडते. कनेक्टर लावा आणि तो बॉक्समध्ये ठेवा.

४. फॅनच्या बॉडीला अर्थ द्या. तार खिडकीच्या बाजूने येत असेल तर शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न जाता तिथूनच टपकेल.

## टप्पा ६: बोर्डातली जोडणी

१. येणारा फेज पहिल्या स्विचच्या टोकावर. तिथून लाल तारेची छोटी लूप नव्या स्विचच्या फेजच्या टोकावर.

२. पहिल्या स्विचच्या दुसऱ्या टोकावर दिव्याची हाफ, नव्या स्विचच्या दुसऱ्या टोकावर फॅनची.

३. न्यूट्रलला हात लावू नका. तो स्विचला जात नाही.

लूप कुठून घेता ते नीट बघा. शेजारी गीझरचा मोठा स्विच असतो आणि त्याच्यावर फेज हाताशी असतो, म्हणून फॅनची लूप तिथून घेतली जाते. मग फॅनचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा. दिव्याचा एमसीबी पाडूनही फॅन जिवंत राहतो. दोन सर्किटना वेगवेगळे आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारे स्विच) असतील तर फॅन लावताक्षणी ते पडतात आणि लोक आरसीसीबीच खराब आहे असं ठरवून तो काढून टाकतात. आरसीसीबी आपलं काम चोख करत असतो, चूक लूपमध्ये असते.

तारा बॉक्समध्ये कोंबू नका. जास्तीची लांबी मागच्या बाजूला गोल बसवा आणि प्लेटचा स्क्रू तारेवर येत नाही ना ते बघा. नव्या स्विचखाली तार दाबली जाऊन आवरण फाटतं आणि सगळं नीट जोडूनही एमसीबी पडतो, हे नेहमीचं आहे.

## टप्पा ७: चालू करण्याआधी आणि नंतर

मेन पाडलेला असतानाच, दोन्ही स्विच बंद ठेवून मल्टिमीटरने हाफ आणि अर्थ यांच्यात जोड नाही ना ते तपासा. फॅनची बॉडी आणि बोर्डातला अर्थ यांच्यात मात्र जोड मिळायलाच हवा.

मग मेन चढवा आणि या क्रमाने बघा:

१. दोन्ही स्विच बंद: होल्डर आणि फॅनच्या कनेक्टरवर फेज नको.

२. फक्त दिवा. फक्त फॅन. दोन्ही एकदम.

३. फॅन हवा बाहेर फेकतोय का? जाळीसमोर कागदाचा कपटा धरा, तो आतून जाळीला चिकटला पाहिजे.

४. दिव्याचा एमसीबी पाडा. दिवा आणि फॅन दोन्ही बंद पडायला हवेत. एक जरी चालू राहिला तर टप्पा ६ मधली लूप पुन्हा बघा.

५. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला पाहिजे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वायरमन आलाच आहे, तोही बसवून घ्या.

दिवा बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणतो, अशी तक्रार या कामानंतर हमखास येते. स्विचमध्ये इंडिकेटरचा छोटा दिवा असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाह एलईडीला पुरतो. नसेल तर आता दोन हाफ एकाच पाइपमधून शेजारी-शेजारी जातात, त्यामुळे फॅन चालू असताना दिव्याच्या तारेत थोडा दाब उतरतो. फॅन बंद केल्यावर मिणमिणणं थांबलं तर कारण हेच. त्याने धोका नाही, दुसऱ्या कंपनीचा एलईडी लावून बघा. पण फॅन बंद असतानाही मिणमिणत असेल आणि स्विचला इंडिकेटर नसेल, तर टप्पा २ मधली होल्डरची तपासणी पुन्हा करा. कुठेतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय.

शेवटी नव्या जोडणीचा फोटो काढा आणि एका कागदावर लिहा: कुठली तार कुठल्या रंगाची, जोडाचा बॉक्स कुठे आहे, किती तारखेला काम झालं. तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा, आणि माळ्यावरचं सामान परत चढवताना मखर त्या बॉक्ससमोर ठेवू नका.